225 चौरस फुटांत फोनशिवाय एक दिवस

ताई,

मी 20 वर्षांची आहे. मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राहते भांडुपला, कॉलेज माटुंग्याला. आमच्या मॅडमनी वर्गाला एक असाइनमेंट दिली: 24 तास कुठलंही माध्यम वापरायचं नाही. फोन, टीव्ही, लॅपटॉप, इअरफोन, काहीच नाही. मग काय वाटलं ते लिहून द्यायचं. मी शनिवारी रात्री 10 वाजता फोन आईच्या कपाटात ठेवला आणि रविवारी दुपारी 1 वाजता काढला. म्हणजे 15 तास, त्यातले 8 झोपेत. सकाळपासून हात सारखा उशीखाली जात होता. फोन जवळ नसताना मांडीवर व्हायब्रेट झाल्यासारखं वाटायचं. त्यात आईने दोनदा विचारलं, गॅसचा ओटीपी आला का बघ. शेवटी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि फोन घेतला. बाबांनी पाहिलं. म्हणाले, "बेवड्यात आणि तुझ्यात फरक काय?" ऑस्ट्रेलियाने सोशल मीडियावर बंदी घातली तशी इथेही घाला, असं ते रोज ऐकवतात. स्वतः मात्र रात्री अकरापर्यंत बातम्या आणि व्हॉट्सअ‍ॅप. आमचं घर एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बिल्डिंगमधलं, 225 चौरस फुटांचं. आजी धरून आम्ही पाच जण. मला खरंच व्यसन लागलंय का? मैत्रीण म्हणते कीपॅडचा साधा फोन घे. घेऊ का?

— एक वाचक, भांडुप

---

तुझं पत्र वाचताना मी दोन जागी अडले. एक, रडायला तू बाथरूममध्ये गेलीस. दुसरं, "आजी धरून आम्ही पाच जण". बाकी सगळं पत्र फोनबद्दल आहे, पण मला वाटतं तुझा प्रश्न या दोन वाक्यांत आहे. तिकडे येतेच. आधी ते "बेवडा" प्रकरण निकालात काढू.

तुझ्या मॅडमनी दिलेला प्रयोग जुना आहे. 2010 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात सुमारे 200 विद्यार्थ्यांना असंच 24 तास माध्यमांविना राहायला सांगितलं होतं आणि मग अनुभव लिहायला लावले होते. त्यानंतर तोच प्रयोग पाच खंडांतल्या 10 देशांमधल्या जवळपास 1,000 विद्यार्थ्यांवर झाला. प्रत्येक देशात निम्म्याहून बऱ्याच जास्त मुलांनी कबूल केलं की आम्हाला 24 तास निघाले नाहीत. अनेकांनी स्वतःच व्यसनाची भाषा वापरली: तलफ, हात थरथरणं, वेड लागायची पाळी. म्हणजे भांडुपची एक मुलगी 15 तासांत हरली, यात जगावेगळं काही घडलेलं नाही. मांडीवरच्या त्या खोट्या व्हायब्रेशनचंही तसंच. ते फार लोकांना होतं, पेजरच्या काळात इस्पितळातल्या डॉक्टरांनाही व्हायचं. त्याने काही बिघडत नाही.

मला त्या प्रयोगात त्याचं साल महत्त्वाचं वाटतं. त्या 200 मुलांनी पहिल्यांदा फोन बाजूला ठेवले तेव्हा इन्स्टाग्राम नव्हतं. ते आलं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. रील्सना आणखी दहा वर्षं होती. आज आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो ते बरंचसं जन्मालाच आलं नव्हतं, तरी ती मुलं कासावीस झाली. कशासाठी? त्यांनी जे लिहून दिलं त्यात एकटेपणा फार आहे. मित्रांना निरोप देता येत नाही, आपल्यावाचून तिकडे काय चाललंय कळत नाही, घरच्यांशी बोलता येत नाही. त्यांना हवी होती माणसं.

म्हणून व्यसन आहे की नाही हे ठरवण्याआधी वेगळं करायला हवं की फोन तुला कुठकुठे ओढतो. माणसांकडे ओढतो तेव्हा ती ओढ बरी आहे. विसाव्या वर्षी मैत्रिणींशी बोलल्यावाचून करमत नसेल तर त्यात औषध देण्यासारखं काही नाही. पण बोटाने वर सरकवत राहायचं आणि खाली तळच लागत नाही, ती ओढ निराळी, आणि ती मुद्दाम घडवलेली आहे. न संपणारं पान 2006 मध्ये एझा रास्किन नावाच्या एका तरुण डिझायनरने तयार केलं. पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीरपणे खंत बोलून दाखवली. आधी पान संपायचं, "पुढे" दाबावं लागायचं, आणि त्या एका क्षणात माणसाला आठवायचं की दूध गॅसवर आहे. तो क्षणच काढून टाकला. वर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि तो कंटाळवाणा निघेल की भन्नाट, हे आधी कळत नाही. ते कळत नाही म्हणूनच बोट थांबत नाही.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिच्यात गेम खेळण्याच्या विकाराला जागा मिळाली आहे, फोनच्या किंवा सोशल मीडियाच्या व्यसनाला तशी स्वतंत्र जागा नाही. पण गेमच्या विकाराची जी लक्षणं तिथे दिली आहेत ती ताडून बघायला उपयोगी पडतात: आपल्या हातात काही न राहणं, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडत जाणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं. तुझ्या पत्रावरून तू कॉलेजला जातेस, असाइनमेंट करतेस, आठ तास झोपतेस, घरातली कामं फोनवरून उरकतेस. बेवड्याचं वर्णन असं नसतं. मात्र झोप रोजच मोडत असेल, हजेरी कमी भरत असेल, फोनवर पैसे जात असतील आणि ते तू घरात लपवत असशील, किंवा फोन बाजूला ठेवल्यावरही दिवसचे दिवस उदास जात असतील, तर मला पुन्हा पत्र लिहीत बसू नकोस. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. नाहीतर सायनच्या पालिका रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी आहे, तुझ्याच रेल्वे लाइनवर. बेंगळुरूच्या निमहान्स या मनोविकारांवरच्या राष्ट्रीय संस्थेत तर 2014 पासून फोन आणि इंटरनेटच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिकच आहे. तिथे जाणाऱ्यांना कुणी बेवडे म्हणत नाही.

आता ती दोन वाक्यं.

225 चौरस फुटांत पाच माणसं राहतात तेव्हा कोणाचीच स्वतःची अशी जागा नसते. आजी कॉटवर, बाबा टीव्हीसमोर, आई ओट्याशी. दार लावून बसायला दार एकच, बाथरूमचं, आणि तिथेही दहा मिनिटांत कुणीतरी कडी वाजवतं. अशा घरात वाढत्या वयाच्या मुलीने इअरफोन लावले आणि स्क्रीनकडे तोंड केलं की घरातले समजतात, ही आता इथे नाही. तिला हाक मारायची तर दोनदा मारावी लागते. ती तिची खोली. शनिवारी रात्री तू 24 तासांसाठी कपाटात ठेवलंस ते करमणुकीचं साधन होतं असं मला वाटत नाही. तू तुझी एकुलती एक खोली कुलपात घातलीस आणि रविवारची सकाळ चार जणांच्या नजरेसमोर काढलीस. मग रडू येणारच. लोणावळ्या-कर्जतकडे पैसे भरून फोन जमा करून घेणारी विश्रांतीची ठिकाणं निघाली आहेत. तिथे फोन गेल्यावर माणसाला निदान स्वतःची खोली, झाड आणि खुर्ची मिळते. तुला मिळाला गॅसचा ओटीपी.

त्या ओटीपीवरही मला बोलायचंय. फोनवर पडीक म्हणून जिला बोलणी बसतात, घरातला सगळा ऑनलाइन कारभार तिच्याच गळ्यात असतो. लाइटबिल, सिलिंडर, आजीचा हॉस्पिटलचा नंबर, मामाला पाठवायचे पैसे, रेल्वेचं रिझर्व्हेशन. मुंबईतल्या कितीतरी घरांत विशीतली मुलगी म्हणजे घरचं सेतू केंद्र. त्या कामासाठी फोन हातात घेतला की दोन मिनिटांचं काम होतं आणि वीस मिनिटं रील्समध्ये जातात. दोन्हीसाठी यंत्र एकच. त्यामुळे तू नेमकी कधी काम करत होतीस आणि कधी वाहवत होतीस, हे बाबांना दिसत नाही. खरं तर तुलाही दिसत नाही.

म्हणून कीपॅडचा फोन घेऊ नकोस. आठवडाभर मिरवशील. मग कॉलेजचा ग्रुप, यूपीआय, लोकलचं टाइमटेबल बघायचं एम-इंडिकेटर, यांतलं काहीतरी अडेल आणि स्मार्टफोन परत येईल, येताना कसर भरून काढत येईल. एकादशी अन् दुप्पट खाशी. वर्षातून एकदा 24 तास कडकडीत उपास करण्यापेक्षा रोजच्या जेवणातलं काय कमी करायचं ते ठरवणं मला बरं वाटतं.

त्यासाठी आधी थोडी टेहळणी कर. चार-पाच दिवस एक छोटी वही जवळ ठेव आणि फोन उचललास की एकच शब्द लिही: माणूस, काम, कंटाळा, की पळ. पळ म्हणजे घरातून डोकं बाहेर काढायचं होतं म्हणून उचलला. अ‍ॅपमधला वापराचा तक्ता तू किती वेळ फोनवर होतीस ते सांगतो. का होतीस ते तुझ्या वहीलाच कळेल. माझा अंदाज आहे की "पळ"ची पानं सगळ्यात जास्त भरतील, पण मी चुकीची ठरले तर चांगलंच.

"माणूस" आणि "काम" याला हात लावू नकोस. "कंटाळा" कमी करायला थोडी अडचण निर्माण कर. इन्स्टाग्रामचं अ‍ॅप काढून टाक आणि बघायचंच असेल तेव्हा ब्राउझरमधून लॉगिन कर, झालं की लॉगआउट कर. दर वेळी पासवर्ड टाकायला लागला की बरेचदा मध्येच कंटाळा येतो, आणि इथे तो कंटाळा तुझ्या बाजूने आहे. नोटिफिकेशन फक्त फोन आणि खऱ्या माणसांच्या मेसेजला ठेव. रात्री फोन स्वयंपाकघरात मिक्सरच्या पॉइंटला लाव आणि सकाळसाठी गजराचं साधं घड्याळ घे. हात उशीखाली जातो कारण फोन उशीखाली असतो, यात फार गूढ काही नाही.

"पळ" मात्र अ‍ॅप काढून जाणार नाही. त्याला खरीखुरी दुसरी जागा लागते, आणि मुंबईत ती शोधावी लागते. या शहरातल्या पोरांनी ती पूर्वीपासून शोधलेली आहे. वरळीला सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक अभ्यास गल्लीच म्हणतात. बीडीडी चाळींतल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांत वही उघडायला जागा नव्हती, म्हणून मुलं तिथे रस्त्यावरच्या दिव्यांखाली बसून शिकली. तुझ्या कॉलेजच्या जवळच दादर आहे. पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 पासूनचं. माटुंग्याहून एकच स्टेशन पुढे. कॉलेज सुटल्यावर तास-दीड तास ग्रंथालयात बसायची सवय लाव. वाचलंच पाहिजे असं नाही. खिडकीबाहेर बघत बसलीस तरी तुला हाक मारणारं तिथे कुणी नाही. घराजवळ हवं असेल तर हिवाळ्यात रविवारी सकाळी भांडुप पूर्वेला पंपिंग स्टेशनकडे खाडीच्या बाजूला जा. फ्लेमिंगो दिसतात. कॅमेरे घेऊन लांबून लांबून लोक येतात, भांडुपकर मात्र झोपलेले असतात. मैत्रिणीला घेऊन जा, एकटी नको. तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीची चावी सेक्रेटरीकडे असते का? आईकडून मागून बघ. "पोरीला अभ्यासाला बसायचंय" म्हटलं की चाव्या निघतात.

आणि गाडी आहे. भांडुप ते माटुंगा, स्लो गाडीने अर्धा तास. एका बाजूच्या प्रवासात इअरफोन बॅगेत ठेवून बघ. संध्याकाळचा ठेव, सकाळी गर्दीत जीव सांभाळावा. लेडीज डब्यात भाजी निवडणं चालतं, क्लिपा विकणं चालतं, कुणाच्या सासूचं काय झालं ते घाटकोपर ते विक्रोळी पूर्ण कळतं. तू मास मीडिया शिकतेस. लोकांचं बोलणं ऐकायला फुकटची शाळा मिळतेय, आणि तू कान बंद करून बसतेस, याचं मला थोडं नवल वाटतं.

बाबांचं काय करायचं? पहिलं म्हणजे ऑस्ट्रेलियाचं उदाहरण त्यांना पूर्ण सांग. तो कायदा 10 डिसेंबर 2025 पासून लागू झाला आणि तो 16 वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. तू त्यात बसत नाहीस. शिवाय त्यात दंड मुलाला नाही आणि आईबापालाही नाही. मुलांची खाती रोखण्यासाठी पुरेसे उपाय केले नाहीत तर दंड कंपनीला, तोही जवळपास 5 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. म्हणजे ज्या कायद्याचा दाखला बाबा देतात, तो कायदा पोराला बेवडा म्हणत नाही. गुत्ता चालवणाऱ्याला धरतो.

दुसरं जरा हळू सांग, भांडणाच्या सुरात नको. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तू आठवी-नववीत असशील. तुझ्या वयाच्या बऱ्याच मुलांच्या हातात फोन आला तो तेव्हा, ऑनलाइन शाळेसाठी, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून घेतलेला. त्याच वर्षी 29 जूनला टिकटॉकवर बंदी आली, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले आणि सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्सही आधी भारतातच आले. शाळा, मैत्रिणी, खेळ आणि बाजार, सगळं त्या एका काचेतून एकदम घरात शिरलं. तेव्हा बाहेर पडायची मुभा नव्हती. नंतर शाळा उघडली, पण त्या काचेतून बाहेर कसं यायचं हे कुणी शिकवलं नाही. यात बाबांचा दोष नाही आणि तुझाही नाही. हे दोघांनी एकदा एकमेकांना मोठ्याने म्हणावं.

तिसरं त्यांना करायला लाव. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. 2022 पासून तिथे रोज संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, पोरांनी अभ्यास करावा म्हणून. त्यातली मला पटलेली गोष्ट ही की भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. पोरगं पुस्तक घेऊन बसलंय आणि बापाची मालिका चालू आहे, असं चालत नाही. एकेकाळी गिरणगावाचा दिवस भोंग्यावर चालायचा, आता भांडुपला कोण भोंगा वाजवणार? पण जेवणाच्या वेळचा एक तास घरातल्या घरात ठरवता येईल: टीव्ही बंद, चारही फोन ओट्यावर, बाबांचा सगळ्यात आधी. त्यांना पहिला आठवडा जड जाईल. त्यांचा हात खिशाकडे जाईल. तेव्हा तू काही बोलू नकोस, बेवड्याचं तर मुळीच नको. आजीला मात्र मोठी गंमत येईल, कारण त्या घरात फोनशिवाय राहता येणारी ती एकटीच आहे आणि तिला बोलायचं खूप असतं.

इथे न छापलेल्या ताज्या कलमात तू घाबरत विचारलं आहेस: वर्गातल्या बऱ्याच जणांनी 24 तास पूर्ण झाल्याचं ठोकून दिलंय, मीही तसंच लिहू का? नको. तुझ्याकडे 15 तासांचा खरा मजकूर आहे, त्यांच्याकडे 24 तासांची थाप. मॅडमना वाचताना ओळखू येतंच. आईने ओटीपी विचारला तेव्हा तू काय उत्तर दिलंस ते लिही. त्या रविवारी घरात कोण काय बघत होतं ते लिही, बाबांना दाखवायची गरज नाही. दुपारी 1 वाजता फोन हातात आल्यावर सगळ्यात आधी काय उघडलंस, हे तू मला सांगितलेलं नाहीस. मैत्रिणीचा मेसेज होता की रील होतं? तेही लिही. शब्दमर्यादेत बसत नसेल तर झोपेचे आठ तास गाळ.